चुना, काजळी आणि सुपारी

फटफटी आंजर्ल्यात रस्त्याने कमी आणि होडीने जास्त आली. गावाच्या एका अंगाला समुद्र, पाठीला डोंगर आणि दक्षिणेला जोग नदीची खाडी. खाडीपलीकडे पाजपंढरी आणि हर्णै. पूल होण्याआधी हर्णैला जायचं तर तरीत बसायचं, नाहीतर डोंगराकडून भला मोठा वळसा घालायचा. बाजाराच्या पाट्या, नारळाची पोती, वऱ्हाडातली माणसं, आजारी म्हातारी, सगळं तरीतून जाई, तशी फटफटीही जाई. होडीच्या काठांवर दोन फळ्या आडव्या टाकायच्या, चौघांनी गाडी उचलून वर ठेवायची आणि मालकाने तिच्यावर बसून पाय फळीवर रोवायचे. तरीवाला ओरडायचा, "हलू नका हां!" ओहोटीला हीच गाडी चिखलातून ढकलत न्यावी लागे. वारा असला की खाऱ्या पाण्याचे तुषार थेट इंजिनावर. इंजिन गरम असेल तर पाणी उडून जाई आणि मीठ पांढरं होऊन राही. या मिठाची आठवण ठेवावी, ते पुढे लागणार आहे.

गावात दिसणाऱ्या गाड्या मुख्यतः तीन. मैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली जावा १९६१ पासून निघू लागली आणि सत्तरच्या दशकात तिचीच येझदी झाली. एस्कॉर्ट्सची राजदूत पोलंडच्या गाडीवरून बेतलेली; दूधवाल्यांची आणि ग्रामसेवकांची आवडती. या दोन्ही दोन स्ट्रोकच्या. पेट्रोलात ऑइल मिसळून घालायचं आणि निळा धूर सोडत जायचं. तिसरी बुलेट. मद्रासच्या कंपनीने १९५५ मध्ये इंग्लंडच्या रॉयल एन्फील्डशी करार करून ती इथे जुळवायला सुरुवात केली आणि हळूहळू सगळे भाग इथेच होऊ लागले. मूळ इंग्लिश कारखाने १९७०च्या सुमारास बंद पडले, मद्रासचा मात्र चालूच राहिला. चार स्ट्रोकचं ३४६ सीसीचं एकच सिलिंडर, ७० मिलिमीटर व्यास आणि ९० मिलिमीटर धाव. धाव लांब म्हणून आवाज तो तसा, सावकाश आणि खोल. तो आवाज खाडीवरून ऐकू येई.

आमच्याकडची बुलेट काकांची. काका गावात डॉक्टरकी करत. पाडले, आडे, कधी केळशीपर्यंत त्यांचे पेशंट. मुंबईच्या एका नातेवाइकाने वापरलेली गाडी त्यांनी सत्तरच्या दशकात विकत घेतली आणि पोलादपूर, खेड, दापोली अशी चालवत आणली. मधल्या आळीतल्या बायका म्हणत, "गाडीचा आवाज आला म्हणजे डॉक्टर निघाले, आता चूल पेटवायला हरकत नाही." चूल म्हणजे गरम पाण्यासाठी. बाळंतपण असो, फुरसं चावलेलं असो की विंचू, पहिलं काम गरम पाणी आणि दुसरं कंदील घेऊन वाटेवर उभं राहणं. विंचवाच्या दंशावर प्राझोसिन नावाची गोळी किती कामाची आहे हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिलं ते ऐंशीच्या दशकात. ते कळल्यावर काकांच्या बॅगेत ती गोळी कायम असे. पण गोळी बॅगेत असून भागत नाही, बॅग पेशंटपर्यंत पोचावी लागते. ती पोचवायची ती बुलेटने.

गाडीला हवा आणि पेट्रोल मिसळून देणारा जो भाग, त्याला पुस्तकात कार्ब्युरेटर म्हणतात आणि आमच्याकडे कारबेटर. काकांच्या गाडीवर अमल मोनोब्लॉक होता. अमल ही बर्मिंगहॅमची कंपनी. तीन जुने कार्ब्युरेटरवाले १९२७च्या सुमारास एकत्र आले, त्यातून हे नाव झालं. पन्नासच्या दशकात त्यांनी पेट्रोलची वाटी आणि मुख्य नळी एकाच ओतकामात घेतली, म्हणून मोनोब्लॉक. साधं, सुबक काम. सुरू करताना टिकलर नावाची एक बारीक खुंटी बोटाने दाबायची, पेट्रोल थोडं ओघळलं की हात काढायचा, मग किक. काकांच्या बोटाला त्यामुळे पेट्रोलचा वास कायम. डेटॉलचा आणि पेट्रोलचा असा मिळून जो वास होई, तो आमच्या लहानपणी डॉक्टरचा वास.

हा कारबेटर जस्ताच्या मिश्रधातूचा. धातू मऊ. आत एक गोल स्लाइड वरखाली होते, ती वर्षानुवर्षं घासून ढिली होते आणि बाजूने फुकटची हवा ओढते. इंजिनाला जिथे तो दोन नटांनी बसतो तिथली फ्लँज, नट फार आवळले की किंचित वाकते आणि तिथूनही हवा शिरते. त्यात आमचं मीठ. खाऱ्या हवेत जस्तावर पांढरी भुकटी धरते, बारीक वाटा बुजतात. यात बनवणाऱ्याचा दोष कुठे? इंग्लंडच्या रस्त्यासाठी आखलेला भाग वीस-बावीस वर्षं आंजर्ल्याच्या तरीतून ये-जा करत होता, हेच खूप.

१९९०च्या पावसाळ्यानंतर गाडी कुरकुरू लागली. स्लो लागेना. ॲक्सिलरेटर सोडला की बंद पडे, ओढला की सायलेन्सरमधून फटाका मारी. एका रात्री पाडल्याहून माणूस आला, सात वर्षांच्या पोराला विंचू चावला होता. काकांनी टिकलर दाबला, किक मारली. दहा, पंधरा, वीस किका झाल्या. एकदा तर किक उलटी बसून नडगी फुटली. शेवटी बॅग खांद्याला लावून काका त्या माणसाबरोबर अंधारातून चालत गेले. पोरगा वाचला. पण काका सकाळी परत आले ते बोललेच नाहीत कोणाशी. दुपारी जेवताना एवढंच म्हणाले, "ती गाडी एक तर नीट करायची, नाहीतर विकायची. अशी दारात ठेवायची नाही."

खाडीपलीकडचे मिस्त्री आले. मच्छीमारी लाँचच्या इंजिनांवर त्यांचं आयुष्य गेलेलं, फटफटी त्यांना पोरखेळ. त्यांनी गाडी कशीबशी सुरू करून घेतली, बोटावर ग्रीस घेतलं आणि चालू इंजिनात फ्लँजभोवती फासलं. आवाज लगेच सुधारला. म्हणजे हवा तिथूनच जात होती. कारबेटर उतरवून त्यांनी काचेवर पॉलिश पेपर ठेवला आणि फ्लँज घासून सपाट केली. गाडी आठ दिवस बरी चालली आणि पुन्हा तेच. मग म्हणाले, "डॉक्टर, फ्लँजचा काम झाला, पण स्लाइड म्हातारी झालीय. तिला तरुण करनारा औषद माझ्याकडं नाय, तुमच्याकडं असला तर बगा."

तोवर बुलेटवर मिककार्ब नावाचा कारबेटर येऊ लागला होता. जपानच्या मिकुनी घराण्याच्या आखणीचा, अंगाने ॲल्युमिनियमच्या जातीचा. त्यावर व्हीएम २४ असं कोरलेलं. २४ म्हणजे नळीचा व्यास मिलिमीटरमध्ये. मी त्या वेळी पुण्यात शिकत होतो. नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानातून तो घेतला, बरोबर जेटची पुडी घेतली आणि दिवाळीच्या सुट्टीत एसटीने घरी आणला. आम्हाला वाटलं, जुना काढायचा, नवा लावायचा, संपलं काम. मिस्त्री हसले. "जावय बदलला म्हनून सासरवाडी बदलते काय?"

त्यांचं म्हणणं पटायला मला तो सबंध आठवडा लागला. कारबेटरमध्ये पेट्रोल एकाच वाटेने जात नाही. गाडी उभ्याउभ्या स्लो चालते तेव्हा ते पायलट जेटच्या बारीक भोकातून येतं आणि त्याची हवा एका छोट्या स्क्रूने कमीजास्त होते. ॲक्सिलरेटर थोडा ओढला की स्लाइडच्या खालच्या कापाचा अंमल सुरू होतो. पाव ते पाऊण मुठीत सगळा कारभार सुईचा. ही निमुळती सुई स्लाइडबरोबर वर जाते आणि भोक मोकळं करत नेते. सुईच्या डोक्याशी चार-पाच खाचा असतात. क्लिप खालच्या खाचेत घातली की सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढतं. पाऊण मुठीच्या पुढे मुख्य जेटचा अंमल. म्हणजे एका मुठीत चार मुलूख आणि चार सुभेदार, सरहद्दीवर एकमेकांत मिसळलेले. एकाचं वागणं बदललं की शेजारच्यालाही समजावावं लागतं.

त्यात आकड्यांचा घोळ. अमलच्या जेटवरचा आकडा म्हणजे त्या भोकातून मिनिटाला किती घन सेंटिमीटर पेट्रोल वाहतं त्याचं माप. दुसऱ्या घराण्याचा आकडा दुसऱ्या पद्धतीचा, शिवाय आतली फवाऱ्याची नळी आणि हवेच्या वाटा निराळ्या. जुन्यात अमुक नंबर होता म्हणून नव्यात तोच, असं चालत नाही. शेर आणि पायली यांच्यातला हिशेब, वर धान्यही वेगळं.

मिस्त्रींनी मुठीवर पांढरी चिकटपट्टी लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा केल्या. मग कड्यावर जाणारा चढ निवडला. कड्यावरच्या गणपतीला जाणारा गाडीरस्ता म्हणजे आमची प्रयोगशाळा. सपाटीवर मूठ पूर्ण ओढली तर गावातली कोंबडी-पोरं वाचायची नाहीत. चढावर वरच्या गिअरमध्ये मात्र मूठ पूर्ण ओढूनही वेग बेताचा राहतो आणि इंजिनावर पुरता भार पडतो. चढाच्या टोकाशी एकदम क्लच दाबायचा, त्याच क्षणी चावी बंद करायची, गाडी थांबली की प्लग खोलून बघायचा. इंजिन स्लो चालू ठेवून मग प्लग पाहिला तर तो स्लोची गोष्ट सांगेल, चढाची नाही. मिस्त्री म्हणत, "प्लग बोलतो, आपन फक्त ऐकायचा."

प्लगचे रंग त्यांनी पानाच्या भाषेत सांगितले. पांढरा पडला तर चुना. पेट्रोल कमी, हवा जास्त, इंजिन तापतंय, आज ना उद्या पिस्टन धरणार. काळा, भुरभुरीत आला तर काजळी. पेट्रोल जास्त, गाडी खाते पण ओढत नाही. सोललेल्या सुपारीसारखा तांबूस आला तर बरोबर. "चुना नको, काजळी नको, सुपारी पायजे." पोफळीच्या गावात याहून सोपं कोण काय सांगणार! पुस्तकी हिशेबाने वजनी एक भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा लागली की सगळं नेमकं जळतं. ताकद हवी असेल तर हवा थोडी कमी, तेरा भागांच्या आतबाहेर. मिस्त्रींना हा आकडा ठाऊक नव्हता, पण त्यांची सुपारी बरोबर त्याच जागी पडायची.

जेट आणले होते मोजके. हवा तो नंबर पुडीत नाही असं झालं की मिस्त्री स्टोव्हची पिन काढत. पितळेच्या जेटचं भोक पिनेने रेसभर वाढवायचं. जास्त वाढलं तर कथलाने बुजवून पुन्हा बारीक भोक पाडायचं. असं केलेल्या जेटवरचा छापील आकडा अर्थातच खोटा ठरतो. म्हणून ते कानशीच्या टोकाने जेटच्या डोक्यावर टिंब पाडत: एकदा वाढवला तर एक टिंब, दोनदा तर दोन, बुजवला तर आडवी रेघ. जपानी नंबराशेजारी हर्णैचा नंबर.

काकांनी या सगळ्याचा केस पेपर केला. अक्षरशः. प्रिस्क्रिप्शनच्या पॅडवर नावाच्या जागी 'बुलेट', वयाच्या जागी '२२', आणि खाली पेशंटसारखंच: तक्रार, तपासणी, औषध, गुण. तो कागद आज माझ्यासमोर आहे. पहिल्या दिवशी: 'मुख्य जेट ९०, चढावर ठोका येतो, प्लग चुना.' दुसऱ्या दिवशी: '९०ला एक टिंब, ठोका कमी, प्लग फिकट.' तिसऱ्या दिवशी: 'दोन टिंबं. सुपारी.' पुढचे दोन दिवस सुईचे. क्लिप वरच्या खाचेत घातली तर अर्ध्या मुठीत गाडी कचरते, खालच्या खाचेत घातली तर धूर, शेवटी मधली. सहाव्या दिवशी हवेचा स्क्रू: 'दीड आटा बाहेर. स्लो उत्तम.' शेवटच्या ओळीत फक्त 'पहाटे ५. थंड इंजिन. दुसरी किक.' त्या ओळीखाली त्यांनी रेघ मारली आहे, डिस्चार्ज दिल्यासारखी.

हे काम एकदा करून संपत नाही, हे पुढच्या वर्षांनी शिकवलं. मे महिन्यात काका-काकू गाडीवरून महाबळेश्वरला गेले. आंजर्लं समुद्रसपाटीला, महाबळेश्वर सुमारे १३५० मीटरवर. तिथे हवेची घनता आपल्यापेक्षा साधारण आठव्या हिश्शाने कमी. आंबेनळी घाट चढताना गाडी जड होत गेली आणि वर प्लगवर काजळी. पेट्रोल तेवढंच, हवा विरळ. काकांनी सुई एक खाच खाली आणून काम भागवलं आणि पोलादपूरला उतरल्यावर पुन्हा होती तिथे केली. पावसाळ्यात दमट हवेने तोच प्रकार, पण थोडक्यात. आणि पेट्रोलात रॉकेल मिसळलेलं कुठे पदरी पडलं तर जेट कितीही बदला, ठोका यायचा तो येणारच. त्याला टाकी रिकामी करणं हाच इलाज.

मिस्त्री गेले, मग काका गेले. तरीची गरज संपली, पूल झाला. गावात शंभर सीसीच्या गाड्या आल्या, मग सेल्फ-स्टार्टच्या. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. पेट्रोल किती सोडायचं ते आता संगणक ठरवतो, महाबळेश्वरला काय आणि आंजर्ल्याला काय. पुढे दोनच महिन्यांनी, ३ जूनला, निसर्ग वादळ आलं. नारळी-पोफळी आडव्या झाल्या, घरांची छपरं गेली, दिवस-दिवस वीज नाही, फोन नाही. आमची पडवी बुलेटवर बसली. पाच दिवसांनी वासे बाजूला करून चुलतभावाने गाडी बाहेर काढली, कारबेटरची वाटी खोलली, आतलं पाणी ओतलं, जेट फुंकून बसवले, प्लग चुलीवर शेकला. सुरू झाली. नव्या गाड्या सुरू होत नव्हत्या असं मी म्हणणार नाही, बहुतेक झाल्या. पण ज्या नाही झाल्या त्या उघडून बघायची सोय गावात कोणाकडे नव्हती. रस्ता मोकळा झाल्यावर दापोलीहून ताडपत्री आणि मेणबत्त्या आणायच्या पहिल्या खेपा बुलेटने केल्या.

वादळानंतर पैशांची निकड होतीच. बाग उभी राहायला वर्षं लागतात. नारळ लावणाऱ्याला ते सांगायला नको. अशा वेळी शहरातले एक गृहस्थ जुन्या गाड्या जमवतात म्हणून आले. माणूस सज्जन, जाणकार, भावही चांगला देत होते. अट एकच: गाडी 'मूळ रूपात' हवी. आमच्या पत्र्याच्या डब्यात जपून ठेवलेला अमल पाहून त्यांचे डोळे चमकले. तो नव्याने दुरुस्त करून बसवू म्हणाले. मिककार्ब हातात घेऊन म्हणाले, "हा तुम्ही ठेवा, नाहीतर टाकून द्या. हा काही या गाडीचा नाही."

घरात त्यावर दोन दिवस बोलणं चाललं. काकूंचं म्हणणं, विकावी. लोखंडात जीव अडकवू नये, डॉक्टर असते तर त्यांनीही छपराचे पत्रे आधी घेतले असते. चुलतभाऊ गप्प. मला त्या गृहस्थांचं वाक्य खुपत होतं. कारखान्यातून गाडी जशी निघाली तशी ती अस्सल, हे एका अर्थी खरं आहे आणि असे लोक आहेत म्हणून जुनी यंत्रं टिकतात हेही खरं. पण मद्रासच्या कारखान्यातून त्या साली निघालेल्या सगळ्या बुलेट एकसारख्या होत्या. तिला आंजर्ल्याची केली ती तरीने, मिठाने, कड्याच्या चढाने आणि पितळेवरच्या दोन टिंबांनी. आपल्याकडे घराचा इतिहास विचारला तर माणसं पायाचा दगड दाखवतात. त्यावर चार पिढ्यांनी कौलं किती वेळा फिरवली ते कोणी सांगत नाही, आणि घर राहतं ते कौलं फिरवल्याने. हर्णैच्या त्या मिस्त्रींचा कुठे फोटो नाही, वर्कशॉपच्या जागी आता दुसरंच दुकान आहे. त्यांच्या हातचं लिखाण म्हणावं तर एवढंच: दोन टिंबं.

शेवटी मधला मार्ग निघाला. डब्यातला अमल त्या गृहस्थांना विकला. त्यांच्या दुसऱ्या एका गाडीला तो हवाच होता. त्या पैशांत पत्रे सगळे आले नाहीत, निम्मे आले. गाडी राहिली. काकूंना ते पटलं असं नाही, पण पुढे त्या काही बोलल्या नाहीत.

आता चुलतभावापुढे नवंच गणित आहे. पेट्रोलात २० टक्के इथेनॉल येऊ लागलं आहे. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, म्हणून त्याला जळायला हवा कमी लागते; जुन्या जेटने तेवढंच इंधन सोडलं तर हवा जास्त ठरते आणि प्लग चुन्याकडे झुकतो. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि आमच्या हवेत पाण्याला काय तोटा! गाडी चार आठवडे उभी राहिली तर वाटीत तळाला पाणी सापडतं. म्हणून त्याने दोन नियम केले: गाडी ठेवताना पेट्रोलचा कॉक बंद करून वाटी रिकामी होईपर्यंत इंजिन चालवायचं, आणि सुई एक खाच वर. मुख्य जेट त्याने बदललेला नाही. नवा, मोठ्या नंबराचा जेट पुडीत आहे, पण आधी सुईने भागतं का ते तो बघतो आहे. काकांच्या केस पेपरला त्याने टाचणीने नवा कागद जोडला आहे. वयाच्या जागी आता पन्नासच्या पुढचा आकडा आहे, तक्रारीच्या जागी 'चढावर किंचित ठोका', आणि गुणाचा रकाना अजून कोरा आहे. या दिवाळीत कड्यावर जाऊन प्लग बघायचा आहे.